मांडीवर घेऊन बघ

सावेडी, अहिल्यानगर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय चांगुणा,

आठ दिवस तुला फोन लावतेय. दर वेळी बंदच. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या अमृतला गाठलं. तो तुमच्या वस्तीवरून रोज दूध घेऊन नगरला येतो, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. हे खोकं आणि ही चिठ्ठी त्याच्या हाती देतेय.

मोठं काम आलंय. पुण्यात म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे. तिथली बरीचशी माणसं सगळं विसरलेली आहेत, घर, मुलं, स्वतःचं नावसुद्धा. पण हात स्वस्थ बसत नाहीत त्यांचे. दिवसभर चादरीचे धागे ओढतात, सदऱ्याची बटणं तोडतात, स्वतःचीच कातडी ओरबाडतात. त्यांच्या हातात द्यायला मातीची बारा शिल्पं हवी आहेत. शोकेसमध्ये ठेवायची नाहीत, हातात घेऊन बसायची. अकरा वर्षं आपण दोघींनी हेच तर केलं. मी घडवायची आणि तू माती मळायचीस. तुम्ही गावाकडे परतलात आणि माझी माती मळणारं कुणी राहिलं नाही.

माझी तब्येत आता उत्तम आहे. केमोमुळे गेलेले केस परत आले, तेही कुरळे.

खोक्यात तीन नग आहेत. डोळे मिटून एकेक हातात घे, थोडा वेळ तसाच राहू दे आणि हाताला काय वाटतं ते मला लिही. एकाच हातावर किती विसंबायचं, म्हणून तुझं मत विचारते. आणि कापूस वेचून झाला की पंधरा दिवस इकडे ये. तुझी खोली रिकामी आहे.

मोनिका कशी आहे? माझ्या आजारपणात दर रविवारी हॉस्टेलवरून यायची, डबा घेऊन. जूनपासून फिरकली नाही. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, अभ्यासात असेल. तिला आशीर्वाद.

तुझी,
सुमेधाताई

*

खालची वस्ती, ता. पाथर्डी
१८ नोव्हेंबर २०२४

ताईंस चांगुणाचा नमस्कार.

खोकं पोचलं. काही फुटलं न्हाई. मोबाईल पान्यात पडला, म्हनून लागत न्हाई.

येनं काय जमायचं न्हाई. कापूस हाय, ज्वारीला पानी द्यायचंय, दोन म्हशींची धार हाय, सासूबाईंचा गुडघा धरलाय. तुमचा राग नगं.

तुमी सांगितलं तसं डोळे मिटून धरलं. पैलं लई चांगलं. तळव्यात बसतं आन तिथंच राहतं, जनू आपलंच काहीतरी हरवलेलं हुतं. दुसरं वासराच्या मुसकाटावानी लागलं. त्याच्यावरनं हात फिरवावा वाटतो, पर एका हातानं धरलं तर जड पडतं. म्हातारं मानूस दोनी हातानं धरील का? तिसऱ्याचा आकार बरा हाय. पर त्याच्या बुडाला ग्लेझचा एक थेंब वघळून काचेवानी टनक झालाय आन त्याला काट्यासारखं टोक आलंय. माझ्या अंगठ्याला लागलं, थोडं रगत आलं. तेवढं घासून घ्या. म्हाताऱ्या मानसाची कातडी पातळ असती. तुमच्या हातून असलं कवा सुटत न्हाई, गडबडीत झालं आसंल.

तिनी नग अमृतकडं परत देते. भुसा नवा घातलाय.

चांगुणा

*

सावेडी
१ डिसेंबर २०२४

प्रिय चांगुणा,

अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं. हो, गडबडच झाली. तो काटा मी घासून काढलाय. दुसरा पुन्हा नव्याने घडवते, हलका. तुझं पत्र चार वेळा वाचलं. एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आणखी चार पाठवतेय. हे नुसते कच्चे भाजलेले आहेत, ग्लेझ लावायचं बाकी आहे. जिथे खुपेल, अडेल, तिथे पेन्सिलीने खूण कर.

पण आता थोडं रागावते. पंधरा दिवस यायला जमत नाही म्हणजे काय? म्हशी काय फक्त तुझ्याच हाताला दूध देतात? कोविडच्या वेळी तुम्ही गेलात तेव्हा तूच म्हणाली होतीस की ताई, एक हाक मारा, मी येईन. मी हाक मारली तर तू सासूबाईंचा गुडघा सांगतेस. नगरची सवय सुटली, वस्तीवर रमलीस, असंच असेल तर तसं सरळ लिही. मला वाईट वाटणार नाही. खरं म्हणजे वाटेल.

आणि मोनिकाबद्दल मी विचारलं, त्यावर एक अक्षर नाही. तिचं काही बिनसलंय का?

सुमेधाताई

*

खालची वस्ती, ता. पाथर्डी
९ डिसेंबर २०२४

आदरणीय सुमेधाताई यांस,

आपले खोके मिळाले. चार नगांवर खुणा करून परत पाठवीत आहे. मी घरी सुखात आहे. मला कोठेही येणे शक्य नाही, तरी पुन्हा आग्रह करू नये. मोनिका बाहेरगावी असते. पत्रात तिच्याविषयी विचारपूस करू नये, फक्त कामाचे लिहावे ही विनंती.

आपली,
सौ. चांगुणा मच्छिंद्र

*

खालची वस्ती
११ डिसेंबर २०२४

ताई,

हे पत्र छबूबाईच्या हातानं टपालात टाकते. छबूबाई आमच्या वस्तीवरच्या अंगनवाडीत मदतनीस हायेत. परवाचं पत्र माझं न्हवतं. बजरंग भाऊजींनी सांगितलं आन मी लिवलं. बजरंग भाऊजी म्हंजी ह्यांचे थोरले भाऊ. तुमचं खोकं आदी ते उघडत्यात, चिठ्ठी वाचत्यात आन मंग माझ्याकडं देत्यात. तुमच्या वडलांनी त्यांला पाथर्डीच्या शाळेत शिकवलंय, म्हनून तुमच्या खोक्याला ह्या घरात वाट हाय. दुसऱ्या कुनाचं आसतं तर फेकून दिलं आसतं.

मोनिकानं जून म्हैन्यात लगीन केलं. पोराचं नाव सहादेव, तिथंच नगरला एमआयडीसीत कामाला हाय. आपल्यातला न्हाई. दोघांनी कचेरीत सह्या केल्या. भाऊजींला कळलं त्या दिवशी समदे अंगनात बसले हुते. भाऊजींनी माझा मोबाईल मागून घेतला, कार्ड काढून मोडलं आन म्हनले, "तुला ठावं हुतं." मी न्हाई म्हनले. हे तिथंच बाजंवर बसले हुते. त्यांनी मान वर केली न्हाई.

ताई, मला ठावं हुतं. आदल्या दिवशी तिचा फोन आल्ता. आई, उद्या सह्या हायेत म्हनली. मी तिला म्हनले, जेवून जा. तेवढंच म्हनले. हे मी आजपतूर कुनाला सांगितलं न्हाई.

तवापासनं मी घरात हाय. दाराला कुलूप न्हाई. पर चूल, गोठा आन न्हानीघर, येवढंच माझं. शेतात जायचं तर संगं जाऊबाई. माहेराला फोन न्हाई. सासूबाई दिवसभर उंबऱ्यात बसत्यात, त्यांचा गुडघा खरंच धरलाय, म्हनून त्या उठतबी न्हाईत. कुनी आवाज चढवत न्हाई, कुनी मारलं न्हाई. जेवायला इचारत्यात. म्हनून कुनाला सांगावं तरी काय, ते कळत न्हाई. पोरीचं नाव काढलं की समदे गप बसत्यात आन मंग मलाच चोरी केल्यासारखं वाटतं.

आता तुमचं इचारते. तुमी चार नग धाडले. त्यातल्या दोनांवर तुमच्या नखाचे वरखडे तसेच हायेत, आन एकाला अंगठ्याची जागा इतकी खोल गेलीय की बोट अडकतं. तुमी माती दाबलीय आन किती दाबली ते तुमाला कळलंच न्हाई. आदी तो काटा. मी अकरा वर्सं तुमचे हात बघितलेत. ताई, तुमच्या बोटांना कळंना झालंय का?

उत्तर धाडायचं तर छबूबाई, अंगनवाडी, खालची वस्ती, असं लिवा. खोक्यात ह्यातलं काही लिवू नका.

चांगुणा

*

सावेडी
२८ डिसेंबर २०२४

चांगुणा,

मागच्या पत्रात मी तुला काय काय बोलले, ते आठवून लाज वाटते. वस्तीवर रमलीस म्हणाले. मला माफ कर.

हो. बोटांना कळत नाही. आजार बरा झाला, पण औषधांनी बोटांच्या टोकांची जाण नेली. सुरुवातीला मुंग्या यायच्या. आता मुंग्याही नाहीत. हातमोजे घालून सगळं करावं तसं वाटतं, आणि ते मोजे काढता येत नाहीत. चहाचा कप गरम आहे का गार, हे मी ओठांना लावून बघते. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल परत, वर्ष-दोन वर्षांत. कदाचित नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ज्या बाईचं नावच हातात धरायच्या शिल्पांमुळे झालं, तिला स्वतःला ती धरल्याचं कळत नाही, हे लोकांना कसं सांगायचं? मी डोळ्यांनी बघून घडवते. दिसायला सगळं बरोबर दिसतं. म्हणून दुसऱ्या हाताचं मत मागितलं तुझ्याकडे. ते मत नव्हतं, तुझे हातच मागत होते. खोटं बोलून.

दोन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण मी मोनिकाला शोधत होते. नर्सिंग कॉलेजातून पत्ता मिळाला. नागापूरला एका चाळीत दोन खोल्या आहेत. मी दारात उभी राहिले तेव्हा ती भाकरी करत होती. मला बघून आधी हसली आणि मग तशीच पिठाचे हात घेऊन रडायला लागली. सहादेव कामावर होता, नंतर आला. कमी बोलतो. मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी उभा राहिला.

तिला सहावा महिना चालू आहे. तब्येत चांगली आहे. कॉलेज सोडलेलं नाही, परीक्षा मात्र पुढच्या वर्षी देणार. मी तुझं सगळं सांगितलं नाही. आईचा मोबाईल बिघडलाय म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, मोबाईल सहा महिने बिघडत नसतो." मग म्हणाली, आईला एवढंच सांगा की मी त्या दिवशी जेवून गेले होते.

बाळंतपण मार्चच्या शेवटी. ती माझ्याकडे राहील, ते ठरलं आहे. तू काळजी करू नकोस, असं लिहिणार होते, पण तू ती करणारच.

सुमेधाताई

*

खालची वस्ती
१५ जानेवारी २०२५

ताई,

तुमचं पत्र अंगनवाडीत उभ्या उभ्या वाचलं. जाऊबाईंच्या पोराला लस द्यायची हुती, म्हनून मला जाऊ दिलं. छबूबाईंनी मला धान्याच्या खोलीत नेलं. वाचून झाल्यावर मी तिथंच पोत्यावर बसले. छबूबाई म्हनल्या, रडून घे, पर तोंड धुऊन बाहेर ये.

सहा म्हैने. पैल्या खेपंला तिला काय खावं वाटत आसंल, कुनाला सांगत आसंल. मी तिच्या वेळंला चिंचा मागायची. तिला देऊन बघा.

तुमच्या बोटांचं आसं करा. कच्चे भाजलेले नग माझ्याकडं धाडत जा. खुना करून परत धाडन्यापरीस मीच घासून देते. पॉलिश पेपर धाडा, बारीक आन जाड दोनी. दुपारी गोठ्यात बसून करते. भाऊजी बघत्यात, पर काम हाय म्हनून बोलत न्हाईत. त्यो खोल गेलेला नग तुमी नव्या खोक्यात परत धाडला, त्याच्या अंगठ्याच्या जागंची कड मी विटंच्या तुकड्यानं घासून उतरवली. आता बोट जातं आन सहज निघतं. त्यो धरून मी बराच येळ बसले. म्हशी रवंथ करत हुत्या. ताई, तेवढ्या येळात मी ह्या घरात हाय, हे माझ्या ध्यानात न्हवतं.

हे पत्र शेवटचं समजा. कुनीतरी भाऊजींला सांगितलं की अंगनवाडीत माझ्या नावाचं काहीतरी येतं. त्यांनी छबूबाईंला बोलावून समज दिली. त्यांची नोकरी गावात हाय, मी त्यांला आनखी अडचनीत टाकनार न्हाई. आता फक्त खोकं.

चांगुणा

*

सावेडी
२७ मार्च २०२५

सौ. चांगुणास आशीर्वाद.

तू घासून दिलेले शेवटचे तीन नग मिळाले. बारा पूर्ण झाले. संस्थेचे लोक पुढच्या महिन्यात न्यायला येतील.

सोबत एक तेरावा नग पाठवते आहे. ऑर्डरमधला नाही, जास्तीचा आहे. सोमवारी सकाळी सव्वासहाला भट्टी उघडली. पहिलीच भाजणी, वेळ फार लागला, आम्ही सगळे घाबरलो होतो. पण सुखरूप झालं. भट्टीही उत्तम आहे, कुठे तडा नाही. वजन बरोबर दोन किलो सातशे ग्रॅम.

ती हातात धरायची नाही, मोठी आहे. मांडीवर घेऊन बघ. जरा डाव्या कुशीला कलते, म्हणून मान सांभाळून धर. तिच्याबद्दल काय वाटतं ते कळव. परत पाठवायची घाई नाही.

सुमेधाताई

*

खालची वस्ती
९ एप्रिल २०२५

ताई,

हे पत्र अमृतच्या हातात दिलंय, खोक्यात न्हाई. त्याला सांगितलंय की तुमच्याबिगर कुनाला द्यायचं न्हाई.

तुमची चिठ्ठी भाऊजींनी समद्यांसमोर मोठ्यानं वाचली. भट्टी उघडली, सुखरूप, समदं वाचलं आन घडी घालून दिली. त्यांला काही कळलं न्हाई. मला सोमवार आन सव्वासहा आयकल्यावरच शंका आली हुती. आन मंग तुमी नगाला "ती" लिवलंत. तवा कळलं की नात हाय.

मी ती उचलून गोठ्यात नेली आन मांडीवर घेतली. पैल्यांदा गार लागली. मंग माझ्या अंगाची ऊब लागून कोमट झाली. तुमी नाक डोळं काही केलं न्हाई, बरं केलं. नुसतं डोकं, पाठ आन गुडघं पोटाशी घेतलेलं. माझा हात आपसूक तिच्या मानंखाली गेला. मोनिका झाली तवा ती अडीच किलोची हुती. ही जरा जड हाय. मी तिला घेऊन हलत हुते, हे मला म्हसीनं माझ्याकडं बघितलं तवा कळलं.

आसं मी रोज दुपारी करायची. पाचव्या सहाव्या दिवशी हे पेंड घ्यायला गोठ्यात आले. बघत उभे ऱ्हायले. म्हनले, "त्या दगडाला काय घेऊन बसती रोज?"

ताई, लगीन झाल्यापासनं मी ह्यांच्यापुढं कवा उलट बोलले न्हाई. पर मी उठले, त्यांला म्हशीच्या गव्हानीच्या कठड्यावर बसवलं आन ती त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हनले, "नात हाय तुमची. येवढ्याच वजनाची हाय. सोमवारी झाली."

त्यांनी हात लावला न्हाई. तशीच मांडीवर ठेवून बसले. मंग ती कलाय लागली, तवा पडंल म्हनून त्यांनी धरली. आन मंग सोडली न्हाई. मी पेंड भिजवली, शेन काढलं, दोनी म्हशींला पानी पाजलं. हे तिथंच. शेवटी इचारलं, "पोरगी कशी हाय?" मी म्हनले, चांगली हाय. मंग उठून गेले.

काल गोठ्यात परत आले. माझ्याकडं न बघता म्हनले, "मला दादाम्होरं बोलायला जमत न्हाई. ल्हानपनापासनं न्हाई जमलं. तू जा म्हनायलाबी मला जमनार न्हाई." मी शेन भरत ऱ्हायले. मंग म्हनले, "शुक्रवारी मी आन दादा घोडेगावच्या बाजाराला बैल बघाय जानार हाय. पारख लई येळ चालती. संध्याकाळपतूर येत न्हाई."

शुक्रवारी सकाळी अमृतच्या टेम्पोत दुधाच्या क्यानांमागं बसून मी येते. सासूबाई उंबऱ्यात आसतील. त्यांला ओलांडून जायचं हाय, तेवढंच अवघड हाय. दुपारपतूर आले न्हाई तर समजा की जमलं न्हाई, आन मोनिकाला ह्यातलं काही सांगू नका. ती वाट बघत बसंल.

चांगुणा

*

सावेडी, अहिल्यानगर
२२ एप्रिल २०२५

मोनिकाच्या पप्पांस चांगुणाचा नमस्कार.

तुमाला पत्र लिवायची कवा येळ आली न्हाई, म्हनून कसं लिवावं ते कळत न्हाई. अमृत हे तुमच्या हातात देईल. पाकिटावर नाव घातलं न्हाई.

मी सुखरूप हाय. त्या दिवशी सासूबाईंनी इचारलं, कुठं निघाली. मी म्हनले, नातीला बघाय. मंग त्यांनी दुखरा गुडघा दोनी हातानं उचलून बाजूला घेतला. वाट दिली. तुमी घरी गेल्यावर त्यांनी काय सांगितलं, मला ठावं न्हाई. त्यांच्यावर राग धरू नका.

मोनिका दार उघडून बघतच ऱ्हायली. मी तिला म्हनले, आदी बाळ दे. रडायचं मागनं बघू. पोरगी खरी जड झालीय, म्हैन्याभरात. रंग मोनिकाचा, कान तुमचे. सहादेव मला आई म्हनतो. कामावरनं आला की हात धुऊन मगच पोरीला घेतो. मानूस वाईट न्हाई. तुमाला वाटंल मी त्याची बाजू घेते. घेते.

ताईंचं एक सांगते. घरात बाळ येऊन तीन आठवडे झाले हुते, पर ताईंनी तिला एकदाबी उचललं न्हवतं. लांबून बघायच्या. मोनिकाला वाटायचं, त्यांला लेकरू नकोसं हाय. मी इचारलं तवा म्हनल्या, "माझ्या बोटांवर माझा भरवसा नाही. निसटली तर मला कळणारही नाही." मी त्यांला पलंगावर बसवलं, बाही वर केली आन पोरीचं डोकं त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवलं. तिथली कातडी मऊ आसती, तिथं समदं कळतं. ताई कितीतरी येळ हलल्या न्हाईत. मंग म्हनल्या, "गरम आहे ही."

पुन्याचे लोक येऊन बारा नग घेऊन गेले. ताईंनी त्यांला माझ्यासमोर सांगितलं की माझ्या बोटांना कळत नाही, ह्यातला निम्मा हात हिचा आहे. मला वाटलं, आता ते नग ठेवून जातील. त्यातली एक बाई म्हनली, तुमी दोघी मिळून आनखी करा. तवा आता मी हितंच काम करते. माती मळते, घासते. ताई घडवत्यात, मी धरून बघते.

मी परत येनार न्हाई. हे तुमाला सांगायचं म्हनून तीन दिवस पत्र लिवत हुते. तुमच्यावर माझा राग न्हाई. हुता. तुमी बाजंवर मान खाली घालून बसला हुता, त्या दिवसाचा लई हुता. पर ज्या घरात पोरीचं नाव घ्यायला भ्या वाटतं, त्या घरात मी आता ऱ्हाऊ शकत न्हाई. तुमाला यायचं तर या. भाऊजींला सांगून या न्हाईतर न सांगता या. मोनिका इचारती, पप्पा येतील का. मी तिला काही सांगितलं न्हाई, कारन मला ठावं न्हाई.

दोन नंबरची म्हैस व्यायला झालीय, तिच्याकडं ध्यान द्या. औषधाच्या गोळ्या कोनाड्यात हायेत, सकाळी न चुकता घ्या.

चांगुणा

*

खालची वस्ती, ता. पाथर्डी
६ मे २०२५

चांगुणा,

पत्र पोचलं. चार दिवसांनी वाचलं. आदी खिशातच ठेवलं हुतं.

म्हैस व्याली. रेडी झाली.

बाजारातनं आलो त्या दिवशी दादानं आईला इचारलं, चांगुणा कुठं हाय. आई गुडघा चोळत ऱ्हायली. दादा म्हनला, पळाली का. समदे माझ्याकडं बघाय लागले. मी म्हनलो, "पळाली न्हाई. मी धाडली." कसं म्हनलो मला ठावं न्हाई. आवाज माझा मलाच वळखू आला न्हाई. दादानं परत इचारलं. मी परत तेच सांगितलं. तुला मी जा म्हनलो न्हवतो, हे मला म्हाईत हाय. पर आता समद्यांला मीच धाडली आसं म्हाईत हाय, तर तेच खरं धर.

तवापासनं दादा माझ्याशी बोलत न्हाई. वहिनी ताट पडवीत आनून ठेवती. मी गोठ्यातच झोपतो. जमीन एकत्र हाय, सामायिक हाय, बैल नवा घेतलाय, पेरनी तोंडावर हाय. हे टाकून मला लगीच येता येनार न्हाई. येईन कवा ते आज सांगता येत न्हाई. खोटं कशाला लिवू.

सहादेवला माझा राम राम सांग. पयल्यांदाच सांगतोय, बराबर सांग. पोरीला सांग की पप्पांची तब्येत बरी हाय, गोळ्या चालू हायेत.

नातीचं नाव काय ठेवलं ते तू लिवलं न्हाई. तेवढं लिव. अमृतच्या हातानं धाडू नको, टपालानं धाड. आन पाकिटावर माझं नाव घाल, पूर्ण, मोठ्या अक्षरात.

मच्छिंद्र